खानदेशातून निसर्गसंवर्धनाच्या कामात उतरायचं तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतली मुलं दोन प्रश्न हमखास विचारतात. पर्यावरणात करिअर होतं का? आणि त्यातून परदेशात काम मिळतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' आहे. मात्र इथे एकच सीईटी आणि एकच मेरिट लिस्ट असा आखलेला रस्ता नाही, त्यामुळे घरच्यांना समजावणं अवघड जातं आणि मुलंही दोन-तीन वर्षं नुसती चाचपडत राहतात. हा लेख अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

माझं ठाम मत आधीच सांगतो. खानदेशातल्या मुलाने पहिली दोन वर्षं आपला तालुका ओळखण्यात घालावीत. पुढे फेलोशिप असो की परदेशी विद्यापीठ, मुलाखतीत पहिला प्रश्न 'तू स्वतः काय पाहिलंस, काय केलंस' हाच असतो. त्याचं उत्तर पुस्तकातून देता येत नाही.

आधी कामाचे प्रकार ओळखा

पर्यावरण शिक्षण म्हणजे शाळा-कॉलेजात शिकवणं, निसर्गशिबिरं घेणं, शिक्षकांना प्रशिक्षण देणं, पुस्तिका-नकाशे-खेळ तयार करणं, अभयारण्यांतली माहिती केंद्रं चालवणं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे पर्यावरण हा विषय शाळेपासून पदवीपर्यंत सक्तीचा झाला आहे. तरी बहुतेक ठिकाणी तो पाठांतराने उरकला जातो, म्हणून चांगलं शिकवणाऱ्याची गरज खरी आहे. संवर्धन म्हणजे प्राण्या-पक्ष्यांचे सर्व्हे, गावांबरोबर जंगल राखण्याचं काम, कायदा आणि धोरण, वन विभागातली नोकरी.

'आंतरराष्ट्रीय काम' म्हटलं की डोळ्यांपुढे विमान येतं. प्रत्यक्षात बहुतेक भारतीयांची सुरुवात परदेशी निधीवर किंवा परदेशी संस्थेच्या सहकार्याने इथेच चालणाऱ्या प्रकल्पात होते. त्यानंतर दुसऱ्या देशातलं फील्डवर्क, आणि बऱ्याच वर्षांनी कधीतरी करारांच्या सचिवालयांतली पदं. आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची 1948 पासूनची जागतिक संघटना स्वित्झर्लंडमधल्या ग्लांद इथे आहे, पाणथळ जागांच्या रामसर कराराचं सचिवालयही तिथेच. वन्यजीव व्यापारावरच्या साइट्स कराराचं जिनिव्हात, जैवविविधता कराराचं माँट्रियलला, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम नैरोबीत. ही नावं माहीत असावीत, पण त्यांच्या जाहिराती आत्तापासून चाळत बसू नका.

एक जागा धरा

यावल अभयारण्य, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य, चाळीसगावकडून जाता येणारं गौताळा, मुक्ताईनगरचं मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र, तोरणमाळ, तापीवरचं हतनूर धरण. यांपैकी एखादी जागा जवळ असेल तर उत्तम. नसेल तर गावचा पाझर तलाव, गिरणेचं वाळूचं पात्र, शिवारातला निंबा-बाभळींचा नाला चालेल. अट एकच, वर्षभर दर आठवड्याला तिथे जाता आलं पाहिजे.

शंभर जागा एकेकदा पाहणाऱ्यापेक्षा एक जागा बारा महिने पाहणाऱ्याला जास्त कळतं. हतनूरला डिसेंबरात चक्रवाक दिसतात हे कोणीही सांगेल. ते कोणत्या आठवड्यात आले, पाणी किती उतरल्यावर गाळपेरावर उतरले, मासेमारीच्या जाळ्यांमुळे कुठून उठले, हे सांगणारा माणूस दुर्मीळ. हे पक्षी मध्य आशिया आणि तिबेटकडून येतात, म्हणजे भुसावळजवळच्या धरणावरची तुमची नोंद अनेक देशांतून जाणाऱ्या एका मार्गाचा तुकडा असते. स्थलांतरित प्राण्यांसाठीच्या कराराची परिषद फेब्रुवारी 2020 मध्ये गांधीनगरला झाली, तेव्हा चर्चा याच हवाई मार्गांची होती.

नोंदवही साधी दोनशे पानी घ्या. मोबाइलवर ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्ट ही नोंदी करायची अ‍ॅप वापराच, पण वही सोडू नका. नोंद साधारण अशी असावी:

'14 डिसेंबर, सकाळी 7.10. हतनूर, उत्तर काठ. धुकं, वारा नाही. चक्रवाक 23, काठाच्या ओल्या गाळावर, चरत. तलवार बदक अंदाजे 60, पाण्यात लांब, मोजणी कच्ची. 7.35 ला दोन माणसं जाळं काढायला आली, चक्रवाक उठले, पूर्वेला 300 मीटरवर पुन्हा बसले. मासेमारांशी बोललो. म्हणाले, यंदा पाणी उशिरा उतरलं.'

'मोजणी कच्ची' हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. जे नीट मोजलं ते आणि जे अंदाजाने लिहिलं ते, यांत फरक ठेवण्याची सवय पहिल्या महिन्यातच लागली पाहिजे. काही दिसलं नाही तर तेही लिहा. दुसऱ्याने पाहिलेलं असेल तर त्याच्या नावाने लिहा.

नोंद खोटी निघाली की काय होतं

याचं जगभर गाजलेलं एक उदाहरण आपल्या शहाद्याशी जोडलेलं आहे, आणि खानदेशातल्या प्रत्येक निसर्ग मंडळात ते सांगितलं गेलं पाहिजे.

रानपिंगळा हा घुबडाच्या जातीतला छोटा पक्षी. 1873 साली अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने शहादा-तळोद्याच्या जंगलातून त्याचे काही नमुने गोळा केले. 1884 नंतर पक्षी कोणाला दिसलाच नाही. मात्र ब्रिटिश अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहात एक नमुना होता, 1914 साली गुजरातेत मिळाल्याचं लेबल असलेला. त्या लेबलावर विसंबून शोध घेणारे गुजरातेत जात राहिले आणि हात हलवत परत आले.

1990 च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना होता, ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा भरून शिवलेला आणि खोटं लेबल लावलेला. मग त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना घेऊन खऱ्या नोंदींच्या ठिकाणी गेल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, दिवसाउजेडी, रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. तब्बल 113 वर्षांनी.

एका खोट्या लेबलाने कित्येक वर्षं वाया घालवली, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या लेबलांनी पक्षी परत मिळवून दिला. तारीख आणि ठिकाण याबद्दल मी इतका हट्टी आहे तो यामुळेच.

साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांतला फरक शिकणं हा नवख्यांसाठी उत्तम सराव आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ बिनठिपक्यांचं, पंख-शेपटीवर ठसठशीत पट्टे, पोटाचा खालचा भाग पांढरा. तो दिवसा शिकार करतो, सरडे, सापसुरळ्या, उंदीर पकडतो, आणि बसल्या जागी शेपटी झटकतो. आययूसीएनच्या यादीत तो 2018 पासून 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' झाला, कारण तो मेळघाट, मध्य प्रदेश आणि पुढे ठाणे जिल्ह्यातल्या तानसापर्यंत सापडत गेला. नवीन जागा शोधणाऱ्या माणसांमुळे हा बदल झाला.

एक कळकळीची विनंती. अशा पक्ष्याचं घरटं सापडलं तर त्याचं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका, स्पीकरवर आवाज वाजवून त्याला बाहेर बोलवू नका. घुबडांवर अंधश्रद्धेपोटी होणारे अत्याचार आजही थांबलेले नाहीत. अभयारण्यात अभ्यास करायचा असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी, कॅमेरा नंतर. साप पकडून फोटो काढणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि असा एक व्हिडिओ पुढे अर्ज करताना तुमच्या आड येऊ शकतो.

शिकवायला शिका, पण धडा आपल्या गावातला घ्या

पर्यावरण शिक्षणाची जगभर मान्य झालेली चौकट 1977 च्या तिबिलिसी परिषदेतून आली. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग, अशी पाच उद्दिष्टं तिने सांगितली. आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम पहिल्या दोनांवरच थांबतात: वृक्षदिंडी, घोषवाक्य स्पर्धा, एक भाषण, फोटो, संपलं. मुलाच्या हाताला काही काम लागलंच नाही तर पुढची तीन उद्दिष्टं गाठणार कशी?

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातला एक धडा सांगतो, तो आठवीच्या वर्गाला सहज जमतो. शाळेजवळची कठडा असलेली उघडी विहीर निवडा. सुती दोरीला दर मीटरला गाठ मारा, टोकाला वजन बांधा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, शिक्षक समोर उभे असताना, दोन मुलं दोरी सोडतील, एक मुलगी आकडा लिहील. कठड्यापासून पाण्यापर्यंत किती मीटर, बस्स. जूनपासून मेपर्यंतचा आलेख भिंतीवर चढत जातो. सोबत मुलांनी घरच्या आजोबांना विचारायचं, तुमच्या तरुणपणी विहीर किती परस खोल होती, मोट चालायची का, ट्यूबवेल कधी आली, पहिली किती फुटांवर लागली.

मग एक दिवस मुलांना सातपुड्याच्या पायथ्याला न्यायचं. डोंगरातून उतरणारे नाले तिथे दगडगोटे आणि जाडी वाळू टाकतात आणि त्या पट्ट्यात पाणी झपाट्याने मुरतं. भूगर्भशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. नाल्यातली वाळू मुलांच्या ओंजळीत देऊन वरून तांब्याभर पाणी ओतलं की पुढचं फार बोलावं लागत नाही. वरच्या उतारावरचं जंगल गेलं तर गाळ खाली येऊन हीच वाळू बुजवतो, आणि खालच्या केळीचं पाणी आणखी खोल जातं, हे मुलं स्वतः जोडतात. शेवटी आलेख ग्रामसभेत मांडायचा. पाचही उद्दिष्टं त्यात येतात आणि खर्च दोरीपुरताच.

भाषेचं भान ठेवा. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली, मावची, कोकणा, आपल्याकडे दर दहा कोसांवर घरची बोली बदलते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या पहिलीतल्या मुलाला प्रमाण मराठीही परकी असते. झाडांची, पाखरांची नावं आधी त्याच्या बोलीत गोळा करा, मग मराठीत, मग शास्त्रीय. साप मारायला निघालेल्याला कलम वाचून दाखवण्याऐवजी 'कसाले मारस रे भो?' म्हणून बाजूला बसवलं तर तो निदान ऐकून तरी घेतो.

जंगल ज्यांचं, त्यांच्याशी आधी बोला

सातपुड्यात जंगल आणि जमीन हा जिवाचा प्रश्न आहे. नवखा कार्यकर्ता 'अतिक्रमण' हा शब्द सहज वापरतो आणि पाड्यावरची दारं बंद होतात. म्हणून 2006 चा वनहक्क कायदा मुळातून वाचा. वैयक्तिक दावा काय, सामूहिक वनहक्क काय, ग्रामसभेचे अधिकार कोणते, हे वनपालाशी आणि गावकऱ्याशी तितक्याच नीटपणे बोलता आलं पाहिजे. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आणि 2002 चा जैवविविधता कायदाही वाचा. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच गावांत ती घाईत भरलेली असते. आपल्या गावाची नोंदवही समितीबरोबर बसून नीट करून देणं हा पहिला प्रकल्प म्हणून सुंदर आहे, आणि तो बायोडेटात ठळक दिसतो.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा एकदा पाहून याच. उजाड झालेलं जंगल गावाने स्वतः नियम करून राखलं, पाणी परत आणलं. तिथला रानभाज्यांचा महोत्सव आता दूरदूरची माणसं बघायला येतात. या कामाचे अध्वर्यू चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. पांझरेवरची फड पद्धतही अशीच अभ्यासण्यासारखी आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. सामायिक संसाधनं लोक स्वतः सांभाळू शकतात या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. परदेशी वर्गात हा विषय निघेल तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या मुलाकडे सांगायला घरचं उदाहरण असेल.

पदवी कोणती घ्यावी

प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल, समाजकार्य, बीएड, कृषी, कशातूनही येता येतं. शिक्षणाकडे ओढा असेल तर बीएस्सी-बीएड हा अत्यंत भक्कम पाया आहे, नोकरीचा आधारही राहतो.

पदव्युत्तर शिक्षणासाठी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरणशास्त्र आहे. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. वन्यजीव शास्त्रासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रातला एमएस्सी अभ्यासक्रम ही देशातली मानाची ठिकाणं. जागा मोजक्याच, दरवर्षी प्रवेश निघतीलच असं नाही, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं. भोपाळची आयआयएफएम, म्हणजे भारतीय वन व्यवस्थापन संस्था, व्यवस्थापनाच्या अंगाने जाते. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ही 1883 पासूनची संस्था नोकरी करता करता होणारे छोटे अभ्यासक्रम घेते, आणि अहमदाबादचं पर्यावरण शिक्षण केंद्र 1984 पासून नेमकं या विषयात आहे. सरकारी सेवेत जायचं तर वनरक्षक भरती, एमपीएससीची वनसेवा आणि यूपीएससीची भारतीय वनसेवा. त्यांची तयारी हा स्वतंत्र विषय आहे.

पहिली नोकरी आणि घरचं गणित

पहिली कामं बहुधा प्रकल्प सहायक, फील्ड असिस्टंट, शिबिर प्रशिक्षक अशी असतात. मुदत सहा महिने ते दोन वर्षं, प्रकल्प संपला की करार संपला. पगार शिक्षकाच्या कायम नोकरीपेक्षा कमीच. घरी हे लपवू नका. ज्याच्यावर कुटुंबाचा सगळा भार आहे त्याने शिक्षकाची किंवा वन विभागाची नोकरी पकडून हे काम सोबत वाढवावं, त्यात कुठेही कमीपणा नाही.

करार घेताना तीन गोष्टी लेखी मागा: राहण्या-प्रवासाचा खर्च कोण देणार, विमा आहे का, आणि गोळा केलेल्या डेटावर व अहवालात तुमचं नाव येणार का. 'अनुभव मिळेल' म्हणून महिनोन्‌महिने बिनपगारी राबवणाऱ्या ठिकाणाला नम्रपणे नाही म्हणा. मुलींनी फील्ड स्टेशनवरची राहण्याची सोय आणि संस्थेची अंतर्गत तक्रार समिती यांची चौकशी बेधडक करावी. चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही.

या काळात चार कौशल्यं कमवा: जीपीएस आणि क्यू-जीआयएस या मोफत सॉफ्टवेअरवर नकाशा करणं, एक्सेलमध्ये नोंदी स्वच्छ ठेवणं, प्रथमोपचार आणि इंग्रजी लेखन. इंग्रजीचा बाऊ नको. दर रविवारी आपल्या वहीतली एक नोंद दहा ओळींत इंग्रजीत लिहायची आणि कोणाकडून तरी तपासून घ्यायची. वर्षभरात अर्ज लिहिण्याइतकी भाषा हाताशी येते.

बाहेरची दारं

पहिला परदेशी निधी घरी बसून मिळवता येतो. ब्रिटनमधली रफर्ड फाउंडेशन विकसनशील देशांतल्या नवख्या संवर्धकांना छोटी अनुदानं देते. कॉन्झर्व्हेशन लीडरशिप प्रोग्राम तरुण चमूंना अनुदान आणि प्रशिक्षण देतो. इथे एकट्याने नाही, गटाने अर्ज करायचा असतो, तेव्हा कॉलेजातली दोन-तीन मित्रमंडळी आत्तापासून धरून ठेवा. संस्थेमार्फत परदेशी पैसा घ्यायचा झाल्यास त्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घेण्यासाठीची सरकारी नोंदणी आहे का ते आधी विचारा. यात अडकलेले प्रकल्प पुढे सरकत नाहीत.

शिकायला जायचं तर रवी शंकरन इनलॅक्स फेलोशिप खास भारतीय संवर्धकांसाठी आहे. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. कॉमनवेल्थ, इरॅस्मस मुंडस (युरोप), फुलब्राइट-नेहरू (अमेरिका) या शिष्यवृत्त्याही पाहा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. नंदुरबारच्या कितीतरी मुलांपर्यंत ही माहिती पोचतच नाही, कृपया पोचवा. उत्पन्न, जात पडताळणी, विद्यापीठाचं जागतिक क्रमांकन यांच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत वाचाव्यात, आणि जात वैधता प्रमाणपत्राचं काम वर्षभर आधी सुरू करावं.

आययूसीएनचे आयोग हा कमी लोकांना ठाऊक असलेला मार्ग. त्यांतला एक शिक्षण आणि संवाद या विषयाचाच आहे, दुसऱ्याखाली प्रजातींनुसार तज्ज्ञगट चालतात. सगळं काम ऐच्छिक, पगार नाही, पण जगभरातल्या माणसांबरोबर एका कागदावर काम करायला मिळतं.

अर्जात मोठमोठी वाक्यं नकोत. 'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे' हे वाक्य परीक्षकांनी हजारदा वाचलेलं असतं. त्याजागी विहिरीचा बारा महिन्यांचा आलेख द्या, हतनूरच्या नोंदी द्या, गावाने त्यावरून काय ठरवलं ते लिहा. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकासोबत ज्यांनी तुमचं फील्डवरचं काम पाहिलंय अशा माणसाला धरा, आरएफओ (वन परिक्षेत्र अधिकारी), संस्थेचे समन्वयक, मुख्याध्यापक कोणीही. त्यांना किमान तीन आठवडे आधी सांगा आणि केलेल्या कामाचं एक पान टाइप करून द्या.

अनुदान मिळालं की इंग्रजी अहवाल वेळेत जातो, कारण पुढचा हप्ता त्यावर असतो. तोच अहवाल चार पानी मराठीत करून, नकाशासकट, ग्रामपंचायतीत, शाळेत आणि वन परिक्षेत्र कार्यालयात नेऊन द्या. पाड्यावर वाचणारं कोणी नसेल तर ग्रामसभेत उभं राहून सांगा, आणि गावकरी ज्या चुका दाखवतील त्या दुरुस्त करूनच अंतिम प्रत परदेशी पाठवा.